पहिलं लिनक्स कुठलं घ्यायचं?

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित सपोर्ट संपला आणि तेव्हापासून मला येणाऱ्या फोनांचा सूर बदलला. आधी विचारायचे, "लॅपटॉप हळू झालाय, काय करू?" आता विचारतात, "लॅपटॉप छान चाललाय, पण अकरा टाकता येत नाही म्हणतोय, काय करू?" विंडोज ११ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. म्हणजे २०१५-१६ साली हप्ते भरून घेतलेला, आजही ठणठणीत असलेला लॅपटॉप नियमाने बाद. अशा मशीनवर लिनक्स उत्तम चालतं, हे बहुतेकांच्या कानावर आलेलं असतं. गाडी अडते ती पुढच्याच प्रश्नावर: कुठलं लिनक्स?

शोधायला बसलं की उबुंटू, मिंट, फेडोरा, डेबियन, झोरिन, एमएक्स, आर्च, मांजारो अशी नावांची रांगच लागते. डिस्ट्रोवॉच या संकेतस्थळावर शेकडो डिस्ट्रोंची नोंद आहे, शिवाय क्रमवारीही आहे. ती क्रमवारी पाहून निवड करू नका. कुठल्या डिस्ट्रोचं पान लोकांनी किती वेळा उघडून पाहिलं एवढंच ती सांगते. किती लोक तो रोज वापरतात ते त्यातून कळत नाही.

इतकी वर्षं लोकांना लिनक्स बसवून देताना माझं एक मत पक्कं झालं आहे. पहिला डिस्ट्रो निवडताना दोनच गोष्टी पाहाव्यात. एकदा बसवल्यावर तो किती वर्षं मोडतोड न करता चालेल? आणि रात्री दहा वाजता काही अडलं, तर मदत किती जवळ आहे? दिसायला कसा आहे, किती नवा आहे, हे सगळं नंतर.

हे दोन निकष का, ते डिस्ट्रो म्हणजे काय हे समजलं की लक्षात येतं. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ साली जे लिहायला घेतलं, तो फक्त गाभा, म्हणजे कर्नल. नुसत्या कर्नलवर पत्र लिहिता येत नाही की तिकीट काढता येत नाही. त्याच्यावर गनू प्रकल्पातली हत्यारं लागतात, पडद्यावर दिसणारा डेस्कटॉप लागतो, ब्राउझर, फॉन्ट, ड्रायव्हर लागतात. हे सगळं एकत्र बांधून, एकमेकांशी जुळतंय ना हे तपासून, पुढे काही वर्षं त्याचे अपडेट पाठवत राहण्याची जबाबदारी जी मंडळी घेतात, त्यांचं काम म्हणजे डिस्ट्रो. तुम्ही निवडता ती खरं तर ही माणसं आणि त्यांची काम करण्याची पद्धत.

यांत घराणी आहेत. इयान मर्डॉक यांनी १९९३ साली डेबियन सुरू केला. त्याच्या पायावर २००४ साली उबुंटू उभा राहिला, आणि उबुंटूच्या पायावर २००६ साली लिनक्स मिंट. या नात्याचा नवख्याला मोठा फायदा होतो. मिंटमध्ये काही अडलं आणि उत्तर उबुंटूचं सापडलं, तर ते बहुतेक वेळा जसंच्या तसं लागू पडतं. रेड हॅटच्या आश्रयाने २००३पासून चाललेला फेडोरा वेगळ्या घराण्यातला, आणि आर्चचं घराणं आणखी वेगळं.

तरी तुमच्या डोळ्यांसमोर दिवसभर असतो तो डेस्कटॉप, डिस्ट्रो नव्हे. खालची पट्टी, मेनू, खिडक्या हे सगळं डेस्कटॉपचं काम. मिंटच्या सिनॅमन डेस्कटॉपमध्ये डावीकडे खाली मेनू, तळाला पट्टी, उजवीकडे घड्याळ. विंडोजवरून येणाऱ्याचा हात आपोआप योग्य जागी जातो. केडीई प्लाझ्माही तसाच, पण त्यात सेटिंगांचा इतका भरणा आहे की पहिल्या आठवड्यात माणूस त्यातच हरवतो. उबुंटूचा ग्नोम वेगळ्या विचाराने केलेला आहे. विंडोजची सवय विसरायची तयारी असेल तर तो आवडतो. एक्सएफसीई साधा आणि हलका. यातला एखादा आवडला नाही म्हणून लोक अख्खा डिस्ट्रो बदलतात. बदलायचा असतो फक्त डेस्कटॉप.

आता मशीनकडे या. आमच्या इमारतीत एक निवृत्त मुख्याध्यापिका राहतात. त्यांचा २०१४चा लॅपटॉप, रॅम ४ जीबी, आत फिरणारी जुनी हार्ड डिस्क. बाईंनी कुठेतरी वाचलं होतं की जुन्या मशीनला "हलका डिस्ट्रो" टाकावा. मी एक्सएफसीईचा मिंट टाकून दिला. डेस्कटॉप पटकन आला, पण ब्राउझर उघडला की पुन्हा तेच, पंखा घोंघावायला लागायचा आणि बाण जागीच थांबायचा. चूक माझी होती. डेस्कटॉप हलका केल्याने काहीशे एमबी वाचतात; ब्राउझरच्या चार टॅब ते एका घासात संपवतात. शेवटी मागचं झाकण उघडून हार्ड डिस्कच्या जागी २४० जीबीची एसएसडी बसवली आणि रॅम ८ जीबी केली. मग सिनॅमनचा मिंट टाकला, म्हणजे आधीपेक्षा जड डेस्कटॉप. आधी चालू व्हायला अडीच मिनिटं लागायची, आता अर्ध्या मिनिटाच्या आत पडदा येतो. बाईंना वाटलं मी नवा लॅपटॉपच आणला.

म्हणून माझं सांगणं आहे की हलका डिस्ट्रो शोधण्याआधी आत काय आहे ते पाहा. फिरणारी डिस्क असेल तर पहिला खर्च एसएसडीवर करा. जवळच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला हे काम रोजचं आहे. ४ जीबी रॅम आणि एसएसडी असेल तर मिंट एक्सएफसीई चालेल, ८ जीबी असेल तर काहीही घ्या. रॅम २ जीबीच असेल आणि वाढवता येत नसेल, तर एमएक्स लिनक्स किंवा अँटिएक्सकडे वळा; पण तिथे ब्राउझर जपूनच वापरावा लागेल, हे आधीच मनात धरा.

मशीननंतर काम. इथे लोक घाई करतात आणि मग लिनक्सला दोष देतात. हिशेब टॅलीवर असतील, डिजिटल सहीचा टोकन लावून टेंडर भरायची असतील, कोरलड्रॉमध्ये फ्लेक्स आणि लग्नपत्रिका करायच्या असतील, ऑटोकॅड किंवा फोटोशॉप हे पोटापाण्याचं साधन असेल, तर त्या मशीनवरचं विंडोज काढू नका. वाइन नावाच्या सोयीने काही विंडोज प्रोग्रॅम लिनक्सवर चालतात, पण ज्यावर घर चालतं ते काम तिच्या भरवशावर टाकू नये. मुलाला व्हॅलोरंट खेळायचं असेल तर तेही लिनक्सवर चालत नाही. स्टीमवरचे पुष्कळ खेळ मात्र प्रोटॉन नावाच्या सोयीमुळे चालतात. उलट ब्राउझर, मेल, बँक, व्हॉट्सॲप वेब, झूम, लेखन, व्याख्यानं, सिनेमे, प्रोग्रॅमिंग यांत काही अडत नाही. वर्डच्या फाइली लिब्रेऑफिसमध्ये उघडतात, साध्या पत्राला काही होत नाही. तक्ते आणि चौकटी भरलेला शासकीय नमुना मात्र थोडा हलतो. नोकरीत अशाच फाइलींची रोज देवाणघेवाण असेल, तर चार-पाच खऱ्या फाइली उघडून पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नका.

मराठीचं थोडं सविस्तर सांगतो, कारण आपल्या लोकांचं घोडं इथे हमखास अडतं. मिंट, उबुंटू, फेडोरा, डेबियन, सगळ्यांवर युनिकोड मराठी पहिल्या दिवसापासून नीट दिसते. लिहायला कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन लेआउट जोडायचा: मराठीसाठी इन्स्क्रिप्ट आहे, कगप नावाचा उच्चारानुसारी लेआउटही आहे. फोनवर जसं रोमन अक्षरांत लिहून मराठी उमटवतो तसं हवं असेल, तर आयबस आणि त्याचं एम१७एन हे जोडपॅकेज टाकून मराठीची पद्धत निवडायची. मी मात्र इन्स्क्रिप्ट शिकायलाच सांगतो. शिफ्ट धरून एन दाबला की ळ, शिफ्ट धरून जे दाबला की ऱ, त्यापुढे डी म्हणजे हलन्त. 'वाऱ्यावर' हा शब्द बाईंनी आधीच्या पद्धतीत पाच वेळा लिहिला आणि पाचही वेळा 'वार्यावर' झाला होता. इन्स्क्रिप्टमध्ये तो पहिल्याच प्रयत्नात बरोबर उमटला, तेव्हा त्यांनी तो मोठ्याने वाचून दाखवला. आयुष्यभर मुलांचं शुद्धलेखन तपासलेल्या माणसाला त्या अर्ध्या ऱ्याचं मोल वेगळं असतं.

फॉन्टांमध्ये नोटो आणि लोहित बहुधा आलेलेच असतात, मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेने केलेला मुक्ता मोफत उतरवून घेता येतो. लिब्रेऑफिसमध्ये मजकुराची भाषा मराठी ठेवा, हिंदी नको. ज्या फॉन्टांत सोय आहे त्यांत ल आणि श आपल्या मराठी वळणाचे येतात. अडचण आहे ती जुन्या फाइलींची. श्रीलिपी किंवा कृतीदेवच्या जुन्या फॉन्टांत टाइप केलेला मजकूर युनिकोड नसतो. लिनक्सवर, आणि तो फॉन्ट नसलेल्या कुठल्याही मशीनवर, तो भलत्याच चिन्हांची रांग म्हणून उघडतो. अशा फाइलींचा साठा असेल, तर विंडोज हाताशी असेपर्यंतच तो युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि दोन-चार पानं नजरेखालून घाला. जोडाक्षरं आणि रफार हमखास हुकतात.

एवढं पाहून झालं की नावं फार उरत नाहीत.

ज्याला फक्त काम करायचंय, त्याला मी लिनक्स मिंट देतो, सिनॅमन आवृत्ती. सध्याची २२ची मालिका उबुंटू २४.०४वर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत सुरक्षेचे अपडेट आहेत. अपडेट आले की कोपऱ्यात ढालीचं चित्र दिसतं, त्यावर क्लिक करायचं, संपलं. ड्रायव्हर शोधणारं वेगळं साधन आहे. टाइमशिफ्ट आहे, जे सिस्टिम बिघडली तर आदल्या दिवशीच्या स्थितीत नेऊन ठेवतं. (ते तुमच्या कागदपत्रांची प्रत ठेवत नाही, ती वेगळी, बाहेरच्या डिस्कवर ठेवायची.)

मशीन अगदी नवं असेल, किंवा मुलगी इंजिनिअरिंगला असेल आणि कॉलेजात, पुढे नोकरीत उबुंटूच दिसणार असेल, तर उबुंटूची एलटीएस आवृत्ती घ्या. दर दोन वर्षांनी, सम वर्षाच्या एप्रिलमध्ये ती येते आणि तिला पाच वर्षांचा सपोर्ट असतो. मधल्या काळात दर सहा महिन्यांनी येणाऱ्या आवृत्त्यांना फक्त नऊ महिने मिळतात. नावापुढे एलटीएस नसेल तर नवख्याने तिकडे जाऊ नये. फेडोरा मला स्वतःला फार आवडतो, सुबक आहे आणि ताजा आहे. पण त्याची आवृत्ती साधारण तेरा महिन्यांत निवृत्त होते, म्हणजे दरवर्षी मोठा अपग्रेड आला. पहिल्या वर्षी ती धाकधूक कशाला? डेबियन भरवशाचा. जून २०२३मध्ये आलेल्या १२व्या आवृत्तीपासून वाय-फायसारख्या भागांचे फर्मवेअर त्याच्या इन्स्टॉलरमध्येच येतात, त्यामुळे "डेबियनवर वाय-फाय चालत नाही" हा जुना सल्ला आता बाजूला ठेवा. जवळ डेबियन जाणणारं कुणी असेल तर खुशाल घ्या.

हाच निकष सी-डॅकच्या बॉसलाही लावा. भारतीय भाषा डोळ्यांसमोर ठेवून डेबियनवर उभारलेली ती सिस्टिम आहे, तिच्याबद्दल आपुलकी वाटणं स्वाभाविक आहे. तुमच्या कार्यालयात ती वापरात असेल आणि सांभाळणारा माणूस असेल तर उत्तम. घरी एकट्याने शिकणाऱ्याला मात्र जिथे प्रश्न विचारणारे आणि उत्तर देणारे जास्त आहेत, तिथेच जायला मी सांगेन.

आणि काली. दरवर्षी पहिल्या-दुसऱ्या वर्षाची मुलं मला सांगतात की लिनक्स शिकायला काली टाकलंय. व्हिडिओत काळा पडदा आणि ड्रॅगन पाहिलेला असतो. बाळांनो, काली हे सुरक्षेची चाचणी करणाऱ्या व्यावसायिकांचं हत्यार आहे. लिनक्सची ओळख नसलेल्यांनी ते घेऊ नये, असं खुद्द त्यांच्याच माहितीपत्रात लिहिलेलं आहे. सुरक्षेचं क्षेत्र गाठायचंच असेल तर आधी उबुंटू किंवा डेबियनवर फाइलींच्या परवानग्या, प्रोसेस, नेटवर्क शिका. कालीतली बहुतेक साधनं तिथेही टाकता येतात. पहिल्याच महिन्यात वाय-फाय चालेना म्हणून हिरमुसून लिनक्स सोडलेली हुशार मुलं मी पाहिली आहेत, आणि ते मला फार लागतं. आर्चचंही तसंच. ते शिकवतं खूप, पण पहिलं म्हणून नको.

नाव ठरलं तरी लगेच बसवू नका. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, त्या डिस्ट्रोच्या अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ फाइल उतरवा, आणि रूफस किंवा बलेनाएचरने ती पेनड्राइव्हवर लिहा. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं हे ध्यानात असू द्या. उतरवलेली फाइल मूळचीच आहे ना हे पाहायला तिचा चेकसम पडताळा. हे मी उगाच सांगत नाही: फेब्रुवारी २०१६मध्ये मिंटच्या संकेतस्थळात घुसखोरी झाली आणि काही काळ तिथून छेडछाड केलेली आयएसओ वाटली गेली. पडताळणाऱ्यांच्या ते लक्षात येऊ शकत होतं. पडताळणी कशी करायची ते मिंटच्याच पानावर पायरीपायरीने दिलेलं आहे.

मग लॅपटॉप बंद करून, पेनड्राइव्ह लावून, चालू करताना बूट मेनूची कळ दाबा. डेल, लेनोवो, एसरवर ती बहुधा एफ१२ असते, एचपीवर एफ९. लिनक्स पेनड्राइव्हवरूनच सुरू होतं आणि आतल्या डिस्कला धक्का लागत नाही. त्यात एक अख्खी संध्याकाळ घालवा. वाय-फाय जोडा, व्हिडिओ लावून आवाज ऐका, कॅमेरा पाहा, ब्लूटूथचा हेडफोन लावा, पडद्याचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या कळा दाबा. झाकण मिटा, दोन मिनिटांनी उघडा, लॅपटॉप जागा होतो का पाहा. जुन्या मशीनवर गडबड होते ती इथे. प्रिंटर जोडून एक पान काढा. आपल्याकडे घरोघरी दिसणाऱ्या लेझरजेट १०२०सारख्या प्रिंटरला दर वेळी चालू झाल्यावर संगणकाकडून फर्मवेअर घ्यावं लागतं, त्यासाठी एचपीलिपचं जास्तीचं प्लगइन एकदा टाकावं लागतं. हे माहीत असेल तर दहा मिनिटांचं काम, नसेल तर दोन दिवस जातात. एखादी गोष्ट चालली नाही तर दुसऱ्या डिस्ट्रोचा पेनड्राइव्ह करून तीच परीक्षा घ्या. दहा परीक्षणं वाचण्यापेक्षा तुमच्या मशीनने त्या संध्याकाळी दिलेलं उत्तर जास्त खरं असतं.

बसवायच्या दिवशी आधी फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर घ्या, आणि ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. विंडोज सोबत ठेवणार असाल तर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का ते तपासा. असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवा. एकदा पार्टिशन हलवल्यावर किंवा सिक्युअर बूट बंद केल्यावर विंडोज तीच मागतं, आणि ती नसेल तर आतला सगळा डेटा कुलूपबंद. विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा. इन्स्टॉलर विचारतो की विंडोजच्या शेजारी बसवू की सगळी डिस्क पुसू. घाईत दुसऱ्या पर्यायावर क्लिक करून दहा वर्षांचे फोटो घालवलेल्या एका कुटुंबाची डिस्क माझ्याकडे आली होती. थोडेच परत मिळाले. तो पडदा शांतपणे, दोनदा वाचा.

बसल्यावर पहिलं काम अपडेट, दुसरं ड्रायव्हर, तिसरं टाइमशिफ्ट चालू करणं. प्रोग्रॅम डिस्ट्रोच्या स्वतःच्या सॉफ्टवेअर केंद्रातूनच घ्या. कुठूनतरी सापडलेली, सुडोने सुरू होणारी, म्हणजे पूर्ण अधिकाराने चालणारी आज्ञा अर्थ कळल्याशिवाय टर्मिनलमध्ये चिकटवू नका. आणि निदान तीन महिने डिस्ट्रो बदलू नका, कितीही देखणा दुसरा दिसला तरी. त्या काळात तुमच्या आसपास लिनक्स वापरणारं एक तरी माणूस शोधा. पुण्यात प्लग नावाचा लिनक्स वापरणाऱ्यांचा गट कितीतरी वर्षं आहे, बहुतेक इंजिनिअरिंग कॉलेजांत चार-दोन मुलं असतातच. ते माणूस फेडोरा वापरत असेल आणि आठवड्याला भेटत असेल, तर मी वर लिहिलेलं बाजूला ठेवून तुम्हीही फेडोराच घ्या.

तो पेनड्राइव्ह मात्र पुसू नका. कधी मशीन सुरूच झालं नाही, तर त्याच्यावरून चालू करून आतल्या फाइली बाहेर काढता येतात. डिस्ट्रोचं नाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी त्याला चिकटवा आणि लॅपटॉपच्याच बॅगेत टाका.